मक्याची वाळवण व साठवण

मक्यासाठी शेतकरी संपूर्ण खरीप राबतो. परंतु कणसे खुडल्यानंतर हयगय झाल्यास त्या श्रमांचे चीज होत नाही. ग्वाल्हेर विभागात शिवपुरी, गुना या जिल्ह्यांत मक्याची लागवड होते. लष्कर-ग्वाल्हेर परिसरातून पाऊस साधारणतः सप्टेंबरअखेर माघार घेतो आणि त्याच सुमारास कणसे तयार होतात. परतीच्या एखाद्या सरीने भिजलेला मका तसाच कोठीत भरणे धोक्याचे असते.

हा धोका केवळ नासाडीचा नव्हे. सन १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी गावांत काविळीचा आजार उद्भवला. अवकाळी पावसात भिजून बुरसलेला मका खाण्यात आला होता. ३९७ जणांना बाधा झाली. त्यांपैकी १०६ दगावले. बुरशीपासून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष त्यास कारणीभूत होते. भाकरी भाजल्यानेही हे विष पुरते नाहीसे होत नाही.

वाळवण : कणसावरील पाने वाळली व दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागला, की कणीस पक्व झाले असे समजावे. खुडलेल्या कणसांचा ढीग करू नये. पाने सोलून ती पातळ पसरावीत. दाणे काढल्यावर ते ताडपत्रीवर किंवा स्वच्छ खळ्यावर सुमारे ५ सेंटीमीटर थरात वाळवावेत, वरचेवर हलवावेत व सायंकाळी झाकावेत. किडके, फुटके व बुरसलेले दाणे वेचून नष्ट करावेत. ते जनावरांसही घालू नयेत, कारण विषाचा अंश दुधात उतरतो.

साठवणीच्या मक्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असावा. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका या प्रमाणात वाळविल्यास सुमारे ९१ किलो भरतो. ही ९ किलोंची घट पाण्याची आहे, धान्याची नव्हे.

मिठाची परीक्षा : कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश मका व दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून बाटली मिनिटभर जोराने हलवावी आणि १५ मिनिटे स्थिर ठेवावी. मीठ काचेस चिकटल्यास ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे असे जाणावे. मीठ न चिकटले तरी आणखी एक-दोन दिवस ऊन द्यावे. शिक्षकांनी हा प्रयोग शाळेत अवश्य करून दाखवावा.

साठवण : उन्हातून आणलेला मका निवल्यावरच भरावा. पत्र्याच्या कोठीत हवा खेळत नसल्याने तीत ओला मका मुळीच भरू नये. कणगी आतबाहेर लिंपून, पूर्ण वाळवून वापरावी. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर रचावीत. दर पंधरवड्यास धान्य तपासावे. ते गरम लागल्यास, कुबट वास आल्यास वा सोंडे दिसल्यास बाहेर काढून पुन्हा वाळवावे व निवडावे. विषारी धुरी देणाऱ्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांपासून निघणारा वायू प्राणघातक असतो.

कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी ही माहिती काढणीपूर्वीच गावोगाव पोहोचवावी. वाळवणीस दिलेले चार दिवस वर्षभराचे अन्न राखतात.