आधी कड वाचायला शीक

मुरबाड
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. बाळास,


धारावीतला एक कारखाना मोडीत निघाला आणि त्यातलं जुनं स्कायव्हिंग मशीन तू टेम्पोत घालून शहापूरला आणलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. तू पाठवलेले फोटोही नीट पाहिले. अंगावर गंज आहे, प्रेसर फूट एका बाजूला कललेला आहे, मोटरची वायर उंदरांनी खाल्लेली आहे. पण पात्याची लांबी अजून बरीच शिल्लक दिसते आणि मुख्य शाफ्ट हाताने फिरतो असं तू म्हणतोस. म्हणजे हे मशीन उभं राहील, याबद्दल शंका बाळगू नकोस. फोनवर सांगितलेलं हाताला काम लागलं की विसरतं, म्हणून लिहून पाठवतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की कर. या मशीनचा प्रत्येक दोष चामड्याच्या कडेवर उमटतो. ती कड ज्याला वाचता येते त्याला मशीन दुरुस्त करता येतं. ज्याला वाचता येत नाही तो पार्ट बदलत राहतो, पैसे घालवतो आणि शेवटी मशीनला दोष देतो. पुढे जे लिहितो आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

म्हणून मशीन उघडण्याआधी काही दिवस चामडं तासायची रापी हातात घे. आजोबांची रापी घरात आहे, तिला धार लाव आणि पट्ट्यांच्या कडा हाताने तासून बघ. दीड मिलिमीटरचं चामडं दुमडलं की तीन होतं. त्यावर दुसरा थर आला तर शिवण उंच राहते, सुई वाकते, पाकीट फुगतं. तीच कड आधी निम्म्यावर आणली तर घडी सपाट बसते. स्कायव्हिंग म्हणजे एवढंच, पण पातळ करायचं ते मागच्या, मांसाकडच्या बाजूने, आणि वरच्या, दाण्याच्या बाजूला धक्का न लावता. पाठीकडचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं सैल आणि ताणणारं. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं पात्याखाली ताठ राहतं, क्रोमचं मऊ चामडं दबतं आणि सरकतं. हे फरक रापीने बोटांना कळतात. मशीनवर वेगामुळे ते कळायच्या आत तुकडा वाया गेलेला असतो.

आता मशीनची घडण समजून घे. जर्मनीत श्टुटगार्टच्या कानश्टाट भागात १९०३ साली आल्बर्ट हिर्थ यांनी फोर्टुना कारखाना काढला. त्यांनी रूढ केलेल्या धाटणीचीच मशिनं पुढे जगभर निघाली, तुझंही त्याच वळणाचं दिसतं. आडव्या शाफ्टवर घंटेच्या आकाराचं पोकळ पातं फिरतं, त्याला आपले कारागीर बेल नाईफ म्हणतात. त्याच्या तोंडाच्या आत फीड रोलर असतो, बहुतेक वेळा दगडाचा. वर प्रेसर फूट. चामडं रोलर आणि फूट यांच्यामधून जातं आणि खालचा थर पातं काढून घेतं. फुटाची उंची बदलली की जाडी बदलते, फुटाचा कल बदलला की उतार बदलतो आणि बाजूची गाईड सरकवली की तासाची रुंदी बदलते. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. तिन्ही एकदम फिरवणारा माणूस कधीच ठिकाणावर येत नाही.

खोलताना घाई नको. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घे, स्क्रू त्याच्या भागासोबत वेगळ्या डबीत ठेव. गंजलेल्या स्क्रूवर हातोडी चालवू नकोस. डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर राहू दे, सकाळी पाना बरोबर मापाचा लाव. पितळी ब्रश वापर, लोखंडी नको. आणि रंगाचा डबा सध्या दूर ठेव. जुन्या मशीनवर रंग फासणारे लोक तेलाची भोकं बुजवतात, मग बुश कोरडे पडतात. आधी सगळी तेलाची भोकं शोधून, तारेने मोकळी करून वहीत त्यांची आकृती काढ. शाफ्ट वर-खाली आणि पुढे-मागे हलवून बघ. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बुश गेलेत. त्यांची मापं घेऊन मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर जा, तिथे मिळतील. नमुना सोबत ने, नुसत्या आकड्यावर विसंबू नकोस.

विजेचं काम स्वतः करू नकोस, पण समजून घे. मोटरवरची पाटी पुसून वाच. धारावीच्या कारखान्यात थ्री फेज असू शकतो, तुझ्या घरी सिंगल फेज आहे. ४१५ व्होल्ट लिहिलं असेल तर ती मोटर तुझ्या प्लगवर चालणार नाही. त्याऐवजी अर्ध्या हॉर्सपॉवरची, २३० व्होल्टची, मिनिटाला साधारण १४४० फेऱ्यांची मोटर बसव. पुलीचं माप बदललं तर पात्याचा वेग बदलतो, म्हणून जुनी पुली मोजल्याशिवाय फेकू नकोस. शहापूरकडे पावसाळ्यात दाब खाली-वर होतो. मोटर घुमते पण फिरत नाही असं दिसलं की लगेच बटण बंद कर, नाहीतर वाइंडिंग जळेल. अर्थिंग पक्कं असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

मग धार. मशीनलाच धारेचा दगड आहे, तो पात्याला अगदी हलका टेकव. जोरात दाबलं तर पातं तापतं, निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं. तशा पात्याची धार पुन्हा टिकत नाही. दगड ज्या बाजूने लागतो त्याच्या उलट बाजूला बारीक बर, म्हणजे धातूची कुसळं, येते, ती हातातल्या दगडाने काढ. बर राहिली तर धार असूनही चामडं फाटतं. धार लावून लावून पातं आखूड होतं, म्हणून ते पुढे सरकवण्याचा स्क्रू दिलेला आहे. पातं आणि फूट यांच्यामधली फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेव, आणि फीड रोलर पात्याला न घासता जितका जवळ येईल तितका आण. हे सगळं मोटर न लावता, हाताने फिरवून तपास.

इथे एक गोष्ट जीवाशी संबंधित आहे. धार लावताना ठिणग्या उडतात, आणि चिकटवायचं सोल्युशन क्षणात पेट घेतं. धार लावायच्या वेळी सोल्युशनचा डबा त्या खोलीत नको. मशीनखालचा भुसा आणि कातरण आधी झाडून काढ. डोळ्यांवर चष्मा लाव, बाह्या दुमडून घे. आणि पात्याजवळ बोट न्यायचं असेल तर आधी प्लग काढून बाजूला ठेव. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

आता मुख्य काम, कड वाचण्याचं. एकाच चामड्याच्या पाठीकडच्या भागातून सारख्या रुंदीच्या पट्ट्या काप. प्रत्येक पट्टी चालवून झाली की तिच्यावर पेनने लिही: काय बदललं, किती बदललं. एका पट्टीला एकच बदल.

कड कुरतडल्यासारखी असेल, तंतू उपटलेले दिसत असतील, तर धार गेली आहे किंवा बर राहिली आहे. चामडं थांबत थांबत जातं, हाताने ढकलावं लागतं, तर रोलरचा दगड मेण आणि सोल्युशनने गुळगुळीत झाला आहे. त्याला ड्रेसिंगच्या दगडाने पुन्हा खरखरीत कर. फुटाच्या स्प्रिंगला जोर नसेल तरी असंच होतं, म्हणून आधी दगड साफ कर आणि मग स्प्रिंगकडे जा. कडेवर लाटा उठल्या असतील तर दोन लाटांमधलं अंतर मोज. ते रोलरच्या घेराएवढं निघालं तर दोष रोलरमध्ये आहे, पात्याला उगाच हात लावू नकोस. उताराऐवजी पायरी पडत असेल तर फुटाचा कल चुकला आहे. पट्टी मध्येच आरपार कापली गेली तर फूट फार खाली आहे, किंवा चामडंच तिथे पातळ होतं; डायल गेजने जाडी मोजून खात्री कर.

या पट्ट्या फेकू नकोस. दोरीत ओवून ठेव. पुढे मशीन बिघडेल तेव्हा कुठल्याही मेकॅनिकपेक्षा त्या जास्त सांगतील.

आपल्याकडच्या पावसाचं वेगळं सांगायला हवं. भातसा-तानसाच्या या पट्ट्यात जूनपासून चार महिने हवा ओली असते. लोखंडाला एका रात्रीत तांबेरा येतो आणि चामड्याला बुरशी धरते. संध्याकाळी काम संपलं की पातं कोरड्या कापडाने पुसून तेलाचा हात फिरव, पण रोलरच्या दगडाला तेल लागू देऊ नकोस. मशीनवर प्लास्टिक घालशील तर आत घाम धरेल, म्हणून सुती चादर घाल. मशीन भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी पाटावर असू दे.

आणि आता कामाबद्दल. मुंबईच्या ऑर्डरी मिळाल्या तर घे, पण त्यांच्यावर घर अवलंबून ठेवू नकोस. ठेकेदाराने हात आखडला की खेड्यातलं काम आधी बंद होतं, हे मी धारावीत असताना पाहिलं आहे. आपल्या तालुक्यांकडे बघ. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत बैल येतात, त्यांना म्होरक्या, घुंगरांचे पट्टे लागतात. आसनगाव, वासिंद, खर्डीहून रोज हजारो लोक लोकलने जातात, त्यांच्या बॅगांचे पट्टे तुटतात. मुरबाडच्या एमआयडीसीत कामगारांच्या बुटांची दुरुस्ती आहे. कड नीट तासलेला पट्टा अंगाला रुतत नाही, बैलाच्या मानेलाही नाही. गिऱ्हाईक ते कारण सांगू शकणार नाही, पण परत तुझ्याकडेच येईल. भांडवल कमी पडलं तर सावकाराकडे जाऊ नकोस. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे, त्यांच्या कर्जाच्या आणि प्रशिक्षणाच्या योजनांची चौकशी ठाण्याला जाऊन स्वतः कर.

आपल्या घरात हे काम पिढ्यानपिढ्या झालं. गावाने त्या हातांनी केलेल्या वहाणा घातल्या आणि त्या हातांना मात्र शिवेपाशी थांबवलं. त्यामुळे आपल्यातल्या पुष्कळ मुलांनी हे काम सोडलं, आणि त्यांचं मला चुकीचं वाटत नाही. तू शिकूनही ते निवडलंस. निवडलेलं काम आणि लादलेलं काम यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर तुझ्या कामाच्या दर्जातून दिसलं पाहिजे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. ते तिथल्या कारागिरांनी पिढ्यांच्या मेहनतीने कमावलेलं नाव आहे. आपल्या तालुक्यांचं नाव चामड्यात अजून कुणी घेत नाही. तू तुझ्या प्रत्येक वस्तूवर 'शहापूर' असा ठसा मार आणि ठसा मारायला लाज वाटेल अशी वस्तू दुकानाबाहेर जाऊ देऊ नकोस. दाम कमी सांगू नकोस. उधारी वहीत लिही. कुणी शिकायला आलं, मुलगा असो वा मुलगी, तर आधी त्याच्या हातात रापी दे आणि मग मशीनवर बसव.

मशीन चालू झालं की तीन पट्ट्या मला पाठव: एक पहिल्या दिवसाची, एक धार लावल्यानंतरची आणि एक तुझ्या मते उत्तम जमलेली. प्रत्येकीवर तू काय बदललंस ते लिहिलेलं असू दे, आणि तिसऱ्या पट्टीत अजून काय उणं आहे तेही तूच लिहून पाठव. ते वाचून मी सरळगाव-किन्हवलीमार्गे एक दिवस येईन आणि आपण दोघं बसून पुढची जुळणी करू. तब्येतीला जप. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा