साखर, मीठ आणि क्षारपड जमीन

हातकणंगले तालुक्यातील कबनूरच्या परिसरात ऊस हे परिचित पीक. साखर व मीठ दोन्ही शुभ्र, विद्राव्य. परंतु त्यांची घडण भिन्न. साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजनचे ४५ अणू इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात. सहकारी तत्त्वावरच म्हणा ना! मिठात मात्र सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो आणि विरुद्ध भारांचे आयन परस्परांना धरून राहतात. पाण्यात ते सुटे होऊन वीज वाहून नेतात. म्हणूनच माती परीक्षणात विद्युतवाहकतेवरून क्षारांचे प्रमाण कळते. चोपण जमिनीत जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो. निचऱ्याचा चर नसल्यास सुटलेला सोडियम मात्र शेतातच राहतो.