सुतारकामाच्या यंत्राला धूळ ओढणारा पाईप कसा निवडावा?



परंडा तालुक्यात आता काही घरांत आणि गटांत पोळपाट-लाटणं, पाट, देव्हारे, दारं-खिडक्या अशी कामं यंत्रावर होऊ लागली आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतारकामही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं, म्हणून यंत्रं आणखी येतील. कटर, रंधा मशीन, सँडर घेताना आपण चार दुकानं फिरतो, भाव करतो. पण धूळ ओढणारा पाईप? "तो कुठलाही चालतो की!" असं म्हणून मोकळ्या होतो. आजचा धडा त्या पाईपाचा आहे.

धुळीला एवढं का भ्यायचं?

जाड भुसा खाली पडतो, तो झाडून घेता येतो. सँडरमधून उडणारी पिठासारखी भुकटी मात्र हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. खोकला, दमा, नाक चोंदणं तिच्यामुळे होतं. सागवान, शिसम अशा लाकडांच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाला आहे आणि तो वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना जास्त.

नाकावर पदर बांधून ही बारीक भुकटी अडत नाही. घरातच काम चालत असेल तर ती लेकराबाळांच्या अंथरुणावर आणि पिठाच्या डब्यावरही बसते. म्हणून धूळ उडते तिथेच ओढून घेणं सगळ्यात चांगलं. ओढणारं यंत्र कितीही भारी असलं तरी पाईप चुकला तर पैसा वाया जातो.

पाईप किती जाड असावा?

मोटारीचं पाणी लांबच्या रानात न्यायचं असेल तर पाईप बारीक घेऊन चालत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. हवेचंही तसंच. पाईप बारीक किंवा फार लांब असला की हवा अडते आणि ओढ कमी होते. २७ मिलिमीटरऐवजी ३६ मिलिमीटरचा पाईप घेतला तर आतली वाट जवळजवळ पावणेदोन पट मोठी होते.

मग सगळ्यात जाड पाईपच घ्यावा का? नाही. उफणणी आठवा. वारा असला तर भूस उडून जातं, वारा पडला की भूस धान्याबरोबरच खाली येतं. पाईपातही हवेला वेग हवा. लाकडाचा भुसा वाहून न्यायला सेकंदाला साधारण २० मीटर वेग लागतो, म्हणजे तासाला ७२ किलोमीटर. ३६ मिलिमीटरच्या पाईपात एवढा वेग ठेवायला सेकंदाला सुमारे २० लिटर हवा पुरते. १०० मिलिमीटरच्या पाईपात तोच वेग ठेवायला सुमारे १५७ लिटर हवा लागते. लहान व्हॅक्यूमची तेवढी ताकद नसते. त्याला जाड पाईप लावला तर भुसा पाईपातच बसतो.

ढोबळ हिशेब असा ठेवा:

- हातातलं सँडर: २७ ते ३२ मिलिमीटर. भुकटी बारीक असते आणि पाईप हलका असला की हात दुखत नाही.
- हातातला कटर, रंधा मशीन: ३६ मिलिमीटर किंवा थोडा जास्त. रंध्याच्या ढलप्या बारीक पाईपात अडकतात.
- जमिनीवर बसवलेलं मोठं यंत्र: १०० मिलिमीटर, पण सोबत मोठा डस्ट कलेक्टरच हवा. लहान व्हॅक्यूमवर ते चालणार नाही.

दुकानात जाण्याआधी

१. आपल्या यंत्राच्या धूळ सोडणाऱ्या तोंडाचं माप घ्या, आतलं आणि बाहेरचं दोन्ही. व्हॅक्यूमच्या तोंडाचंही घ्या. कागदावर लिहून न्या. जमलं तर यंत्रच पिशवीत घालून न्या आणि दुकानात जोडून पाहा.

२. माप जुळत नसेल तर रबरी जोड घ्या. चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, फटीतून ओढ निसटते.

३. लांबी कामापुरतीच, साधारण ३ ते ५ मीटर. "पुढे लागेल" म्हणून १० मीटर घेऊ नका.

४. पाईपात बोट घालून पाहा. आतून जितका गुळगुळीत, तितका भुसा कमी अडतो.

५. पाईप वाकवून पाहा. वाकताना चपटा होत असेल तर नको. बागेला पाणी घालायचा पाईप ओढीने आत चिकटतो, तो घेऊ नका.

झटका का बसतो?

उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते. कोरडा भुसा प्लास्टिकच्या पाईपात घासत गेला की वीज साठते आणि हाताला चटका बसतो. दचकून हात हलला आणि हातात चालू कटर असला तर बोटावर बेतू शकतं. म्हणून अँटिस्टॅटिक पाईप मागा. नुसता काळा रंग पाहून विश्वास ठेवू नका, पाईपावर किंवा वेष्टनावर तसं लिहिलेलं पाहा. हा पाईप साठलेली वीज जमिनीत सोडतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे जोडही तसेच लागतात, व्हॅक्यूम या पाईपासाठी बनवलेला लागतो आणि तीन पिनांच्या प्लगला खरं अर्थिंग लागतं. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

आणखी एक. लाकडाचा भुसा भरलेल्या व्हॅक्यूमला लोखंड घासणारा ग्राइंडर कधीही जोडू नका. ठिणगी आत गेली तर भुसा धुमसत राहतो आणि रात्री आग लागू शकते.

बैठकीत करून पाहा

संध्याकाळी खोलीत अंधार करा. सँडर चालवा आणि बाजूने बॅटरीचा उजेड पाडा. दिवसा न दिसणारी भुकटी उजेडात तरंगताना दिसेल. आता पाईप लावून पुन्हा पाहा. फरक दिसला नाही तर तीन गोष्टी तपासा: पाईप तुंबलाय का, जोडात फट आहे का, व्हॅक्यूमची पिशवी किंवा फिल्टर भरलाय का. पाईप चांगला असला तरी भुकटी पूर्ण थांबत नाही, म्हणून एन-९५ मास्क लावाच.

हिशेबाच्या वहीत लिहा

यंत्रासाठी कर्जाची मागणी लिहिताना पाईप, जोड, फिल्टर आणि मास्क यांचा खर्च त्याच अर्जात धरा. मागाहून त्यासाठी पैसे उरत नाहीत आणि काम धुळीतच सुरू होतं. कर्जाचा हप्ता काही महिन्यांत फिटतो, पण धुळीने बसलेला दमा जन्मभर सोबत राहतो. पुढच्या बैठकीत प्रत्येक ताईने आपल्या यंत्राच्या तोंडाचं माप लिहून आणावं. एका मापाच्या चार-पाच जणी निघाल्या तर पाईप एकत्र घ्या, भावही बरा पडेल.