पुडीवाल्याचं गिऱ्हाईक

पोलीस भरती जवळ आली की आमच्या ग्राउंडवर नव्या बुटांबरोबर पुड्याही येतात. अश्वगंधा, सफेद मुसळी, गोखरू, कवचबीज. कुणाला मामाने तालमीतून आणून दिलेली, कुणी जत्रेत तंबू ठोकून बसलेल्याकडून घेतलेली. १६०० मीटरला २० गुण असतात आणि थोडक्या सेकंदांवर गुण जातो, त्यामुळे पोरांचा जीव टांगणीला लागलेला. मी त्यांना धावायला शिकवतो. पुड्या उघडून बघणं हेही आता त्यातच आलं.

अश्वगंधेशी माझं वैर नाही. मुळीचं चूर्ण दुधातून घेणं आपल्याकडे जुनंच. २०१५ मध्ये छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात व्यायाम करणाऱ्या पुरुषांना मुळीचा ३०० मिलिग्रॅम अर्क रोज दोनदा दिला, तेव्हा ८ आठवड्यांनी त्यांची ताकद जास्त वाढलेली दिसली. पण ते आठ आठवडे आणि सोबतचं वजन उचलणं पुडीवाला सांगत नाही. त्याला गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत यायला हवं असतं. म्हणून चार दिवसांत गुण देणाऱ्या पुडीचाच मला आधी संशय येतो.

माझ्याकडचा एक पोरगा अशाच पुडीवर खूश होता. भूक दणकून लागायची, नडगीची जुनी कळ गेली. पुढे गाल गोल झाले, पोटावर जांभळट वळ उठले. आई म्हणाली, अंगी लागतंय. शेवटच्या फेरीत मात्र मांड्या साथ देईनात. डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, "काय घेतोस?" साखर वाढलेली, रक्तातलं कॉर्टिसॉल तळाला गेलेलं. चूर्णात स्टेरॉइड मिसळलेलं असणार, असं त्यांचं मत पडलं. तरी ते एकदम बंद करू नको म्हणाले. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक तोडलं तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकतं. त्यांनी गोळ्या देऊन प्रमाण हळूहळू उतरवलं. तेव्हा घरच्यांनो, रागाच्या भरात पुडी चुलीत टाकू नका. पोराला पुडीसकट डॉक्टरांकडे न्या.

भेसळ नसली तरी सगळा झाडपाला गरीब नसतो. कोकणातला काजरा घ्या. त्याची बी म्हणजे कुचला. वैद्य ती शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, कारण तिच्यात स्ट्रिक्निन असतं आणि मात्रा चुकली की स्नायू आखडतात. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत हेच ब्रँडीबरोबर पाजलं होतं. तो कसाबसा शेवटपर्यंत पोचला. आज ते बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत आहे. स्पर्धा खेळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: नमुन्यात सापडलं की 'आयुर्वेदिकच घेतलं होतं' म्हणून सुटका होत नाही.

घ्यायचंच असेल तर वैद्याला विचारून, परवाना क्रमांक आणि घटक छापलेलं पाकीट घ्या. थायरॉइडच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा. अश्वगंधा त्यांत ढवळाढवळ करते. गरोदरपणी तिच्या वाटेला जाऊ नये. तिने यकृत बिघडल्याच्याही नोंदी आहेत, तेव्हा डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर ग्राउंड राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा.