नाणे पाडणाऱ्याचा शोध

वर्गात महंमद तुघलकाचा धडा सुरू झाला की मुले हसू लागतात. ‘तुघलकी कारभार’ हा शब्द त्यांनी घरी आणि बाजारात ऐकलेला असतो. राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणणारा आणि चांदीच्या भावाने तांब्या-पितळेची नाणी चालवणारा लहरी सुलतान, एवढीच त्याची ओळख. तेथे थांबून मी एक प्रश्न विचारतो : लोकांनी घरोघरी खोटी नाणी पाडली, हे आपल्याला सांगितले कोणी?

सांगणारा झियाउद्दीन बरनी. 1329-30 च्या सुमारास सुलतानाने हे सांकेतिक चलन सुरू केले आणि दोन-तीन वर्षांत मागे घेतले. त्या काळात प्रत्येक हिंदूचे घर टांकसाळ बनले, अशा आशयाचे विधान बरनीने केले आणि पुढच्या अनेकांनी ते जसेच्या तसे उचलले. बरनी सतरा वर्षे याच सुलतानाच्या दरबारात होता; तेव्हा तो माहितगार खराच. परंतु ग्रंथ त्याने पूर्ण केला 1357 मध्ये, सुलतानाच्या मृत्यूनंतर, दरबारातून दूर झाल्यावर, वृद्धापकाळी आणि दारिद्र्यात. शिवाय माळी, गवई अशा ‘हलक्या’ मानलेल्या लोकांना सुलतानाने मोठी पदे दिली, याचा त्याला संताप होता आणि तो त्याने लपवलेला नाही. हीन कुळातल्यांना लिहायला-वाचायला शिकवू नये, असेही त्याचे मत होते. या मताची जात ओळखायला आपल्या वाचकांना वेळ लागणार नाही. अशा लेखकाने हजारो अनामिक कारागिरांवर ठेवलेला आरोप पारखून घेतला पाहिजे.

पारखण्याचे साधन म्हणजे प्रत्यक्ष नाणे. दौलताबाद टांकसाळीचे नाव असलेली ही नाणी आजही संग्रहांत आहेत. त्यांवर हिजरी वर्ष आहे, नाण्याचे मूल्य आहे, आणि सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे ईश्वराचीच आज्ञा पाळणे, असा आशयही आहे. धातूचा भरवसा नसलेल्या नाण्याला शब्दांचा आधार द्यावा लागला, असेच म्हणावे लागेल. काही नाण्यांवरची अक्षरे सुबक आहेत, तर काहींवरची इतकी अशुद्ध की अभ्यासक त्यांना बनावट मानतात. म्हणजे बरनी निखालस खोटे बोलत नव्हता. मात्र एडवर्ड थॉमस यांनी 1871 च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक मुद्दा मांडला आहे : सरकारी टांकसाळीचे काम आणि बऱ्यापैकी कुशल कारागिराचे काम वेगळे ओळखू येईल, अशी कोणतीही सोय त्या काळी नव्हती. दोष होता तो या योजनेत. बनावट नाणे बनावटगिरी झाली एवढे सांगते. ती कोणी केली, त्याचा धर्म कोणता, हे त्यावरून कळत नाही.

ही अडचण इस्लामी नाण्यांच्या आरंभापासूनची आहे. प्रारंभी अरबांनी इराणी आणि बायझंटाईन धर्तीचीच नाणी चालवली. खलिफा अब्द अल-मलिक याने हिजरी 77 मध्ये, म्हणजे 696-97 साली, चित्रविरहित, केवळ अक्षरांचा सोन्याचा दिनार काढला. दोन वर्षांनी चांदीचा दिरहमही त्याच पद्धतीचा झाला. या घडामोडींत सुमैर नावाच्या एका ज्यू कारागिराचे नाव अरबी ग्रंथांत येते. त्याने दिरहम पाडले म्हणून इराकचा सुभेदार अल-हज्जाज त्याला ठार मारायला निघाला. माझ्या दिरहमांचा कस तुमच्यापेक्षा चांगला आहे, असे सुमैरने त्याला सुनावले आणि जीव वाचवण्यासाठी लोकांकरिता वजने तयार केली, अशी हकीकत इब्न अल-असीर देतो. इब्न अल-असीर वारला 1233 मध्ये, म्हणजे घटनेनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी.

दख्खनमध्ये तोच प्रकार पुन्हा दिसतो. दुसरा बहमनी सुलतान महंमदशाह याची नाणी हिंदू सराफ वितळवून टाकत, म्हणून 1360 मध्ये एकाच दिवशी राज्यातल्या अशा सराफांना ठार मारले, असे फरिश्ता लिहितो. फरिश्त्याने हे लिहिले विजापुरात, सुमारे अडीचशे वर्षांनंतर. नाणी आहेत, त्यांवर सुलतानाचे नाव आहे. त्या सराफांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

कारागीर इतिहासात येतो तो बहुधा आरोपी म्हणून. म्हणूनच ठक्कुर फेरू मला मोलाचा वाटतो. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या या जैन अधिकाऱ्याने 1318 मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात दोनशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांचे वजन, कस आणि मूल्य दिले आहे. सुलतानाची स्तुती करण्यापेक्षा त्याला चांदीत तांबे किती, याची चिंता अधिक आहे.

आपल्या जवळच, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, 1945-46 मध्ये उत्खनन झाले आणि सातवाहन व बहमनी काळांतल्या वस्तीचे थर उजेडात आले. पेठ वडगावच्या परिसरातही नांगरताना किंवा पाया खणताना नाणी हाती लागू शकतात. दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा 1878 पासूनचा कायदा आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच की, नाणे सापडले तर ते घासून चकचकीत करू नये आणि सराफाकडे तर मुळीच नेऊ नये. कोणत्या शेतात, किती खोलीवर, कशा भांड्यात आणि कोणत्या नाण्यांसोबत ते सापडले, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.