औषधाच्या विश्वासार्हतेची विद्या : कुंभकोणमचा विद्यार्थी आणि बी.फार्म. पदवी

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेले कुंभकोणम् हे तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील प्राचीन विद्याकेंद्र होय. येथील शासकीय महाविद्यालयाचा आरंभ १८५४ मध्ये झाला. पुढे बडोदा संस्थानचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातील प्रशासक १८२८ मध्ये याच गावी जन्मले. विद्येची अशी परंपरा असलेल्या या परिसरातही विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज तोच प्रश्न असतो, जो कराडच्या किंवा अमरावतीच्या विद्यार्थ्यापुढे असतो : वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही, तर पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणून औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीकडे, म्हणजे बी.फार्म.कडे पाहिले जाते. परंतु हा अभ्यासक्रम केवळ दुसरा पर्याय म्हणून स्वीकारणे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही आणि समाजाच्याही नाही. असे का, हे पदवीच्या चार वर्षांत प्रत्यक्ष काय शिकविले जाते ते पाहिले म्हणजे लक्षात येते.

परंपरा आणि कायदा

तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी 'धन्वंतरी महाल' ही संस्था उभारली होती. तेथे देशी व पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींच्या औषधांचा अभ्यास होत असे. अनुभवास उतरलेले योग तामिळ पद्यात ग्रथित करण्यात आले. नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या नोंदीही ठेवल्या गेल्या. औषध आधी पारखावे, त्याची नोंद करावी आणि मग ते वापरावे, हा विचार या भूमीला नवा नाही.

आधुनिक भारतात या विचाराला कायद्याचे रूप येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. बाजारातील निकृष्ट औषधांची चौकशी करण्यासाठी रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये समिती नेमली गेली. १९३२ मध्ये प्रा. महादेवलाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. त्यानंतर १९४० चा औषधविषयक कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. फार्मसी कायद्यान्वये स्थापन झालेली भारतीय फार्मसी परिषद अभ्यासक्रमाचा दर्जा ठरविते. तामिळनाडूत या शाखेची बहुसंख्य महाविद्यालये चेन्नईच्या डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठाशी संलग्न आहेत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील विद्यार्थ्यांसाठी चिदंबरमचे अण्णामलै विद्यापीठ हेही औषधनिर्माणशास्त्राचे एक केंद्र आहे.

एका द्रावकाची कथा

२०२५ च्या सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेली बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. त्यांपैकी अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले. वीसहून अधिक बालकांचे प्राण गेले. हे औषध तामिळनाडूच्या कांचीपुरम् जिल्ह्यातील एका कारखान्यात तयार झाले होते. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने केलेल्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. अशा औषधात या विषारी द्रव्याची मान्य कमाल मर्यादा ०.१ टक्के आहे.

अनेक औषधी द्रव्ये पाण्यात पुरेशी विरघळत नाहीत. म्हणून सिरपमध्ये ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे द्रावक वापरतात. हे द्रावक औषधी दर्जाचे असावे लागतात. त्यांऐवजी औद्योगिक दर्जाचा माल आला, तर त्यात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असू शकते. हे द्रव्य रंगहीन व गोडसर असल्यामुळे डोळ्यांना वा जिभेला फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

हा धडा नवा नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फा औषधासाठी हेच द्रव्य द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यातून तेथे १९३८ चा कडक कायदा झाला. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला व न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियातील बालमृत्यूंच्या संदर्भातही भारतात तयार झालेल्या सिरपकडे बोट दाखविले गेले. प्रत्येक वेळी विज्ञान उपलब्ध होते. ते योग्य जागी, योग्य वेळी वापरले गेले नाही.

अभ्यासक्रमातील संरक्षक भिंती

या घटना डोळ्यांपुढे ठेवून बी.फार्म.च्या आठ सत्रांकडे पाहिले, की विषयांची यादी निराळी दिसू लागते. पहिल्याच सत्रातील असेंद्रिय रसायनशास्त्रात औषधी द्रव्यांतील अशुद्धी व मर्यादा चाचण्या शिकविल्या जातात. नमुन्यात क्लोराइड किती, हे पाहण्यासाठी त्यात विरल नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेट घालून येणारा गढूळपणा प्रमाण द्रावणाशी ताडून पाहायचा असतो. प्रयोग साधा वाटतो. पण 'किती अशुद्धी चालेल आणि किती चालणार नाही' या प्रश्नाची ती पहिली ओळख होय. याच सत्रात सिरपसारखी द्रव औषधे हाताने तयार करण्याचे शिक्षण मिळते.

पुढे औषधप्रभावशास्त्रात द्रव्याचा शरीरावरील परिणाम व विषबाधा यांचा अभ्यास होतो. फार्माकोग्नसीत वनस्पतिज द्रव्यांची पारख शिकविली जाते. कुंभकोणमच्या विद्यार्थ्याने याचा आरंभ आपल्या परिसरातील विड्याच्या पानापासून करावा. त्यातील सुगंधी तेल, त्यातील युजेनॉलसारखी द्रव्ये आणि पानाची सूक्ष्मदर्शकाखालील रचना यांतून पुस्तकातील पाठ जिवंत होतो. पाचव्या सत्रात औषधविषयक कायदे, सहाव्यात गुणवत्ता हमी आणि सातव्यात उपकरणांच्या साह्याने होणारे विश्लेषण येते. द्रावकातील विष शोधणारी वायू वर्णलेखन पद्धती या शेवटच्या विषयातच भेटते. कच्चा माल, निर्मिती, तपासणी आणि वितरण या साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर संरक्षक भिंत उभी करणारे हे विषय आहेत.

जर्नलमधील नोंद

विषय मोठे असले, तरी त्यांचा पाया एका छोट्या सवयीत आहे. अनुमापनाच्या प्रयोगात ब्युरेटवर १०.४ वाचन आले आणि अपेक्षित उत्तर ९.८ असेल, तर काही विद्यार्थी ९.८ लिहून मोकळे होतात. कधी मित्राच्या जर्नलमधील आकडे जसेच्या तसे उतरविले जातात. गुण मिळतात, परंतु चूक कोठे झाली हे शोधण्याची संधी जाते. हीच सवय कारखान्यात गेली, म्हणजे न केलेली चाचणी 'केली' अशी नोंद होते. म्हणून आलेले वाचन जसेच्या तसे लिहावे, फरकाचे कारण शोधावे आणि प्रयोग पुन्हा करावा. विषयनिहाय किमान ८० टक्के उपस्थितीच्या नियमाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेतील हाताचे कौशल्य घरी वाचून येत नाही.

मातृभाषेच्या माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी इंग्रजी परिभाषेचे दडपण येते. त्याने प्रत्येक पाठातील दहा-बारा संज्ञा आपल्या भाषेत समजावून लिहून ठेवाव्यात. संकल्पना स्वभाषेत पक्की झाली, की इंग्रजी संज्ञा आपोआप स्थिरावते.

पदवीनंतरची जबाबदारी

बी.फार्म. झालेल्या तरुणाला उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, रुग्णालयीन औषधसेवा व संशोधन ही क्षेत्रे खुली आहेत. औषध निरीक्षकाच्या पदासाठीही ही पदवी ग्राह्य आहे. जीपॅट परीक्षेद्वारे एम.फार्म.ची वाट मिळते. तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने १९९४ मधील स्थापनेनंतर घालून दिलेला प्रघातही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा. शासकीय रुग्णालयांसाठी येणाऱ्या औषधांचे नमुने उत्पादकाची ओळख झाकून प्रयोगशाळांकडे पाठविले जातात आणि निकाल आल्यावरच साठा वितरित होतो. अशी व्यवस्था चालविण्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात.

औषधाच्या दुकानातही हेच तत्त्व लागू आहे. कायद्यानुसार औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली दिली गेली पाहिजेत. तरीही प्रमाणपत्र भिंतीवर आणि त्याचा धनी अन्यत्र, असे चित्र काही ठिकाणी दिसते. थोड्या मासिक रकमेसाठी आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात टांगू देणे म्हणजे चार वर्षांची विद्या गहाण टाकणे होय.

रुग्ण औषधाची बाटली उघडतो, तेव्हा तिच्यातील द्रव तो तपासू शकत नाही. त्याच्या वतीने ते कोणीतरी आधीच तपासलेले असते, या विश्वासावर तो आपल्या मुलाला चमचाभर औषध पाजतो. तो विश्वास खरा ठरविण्याची पात्रता अंगी आणणे, हेच बी.फार्म. पदवीचे प्रयोजन आहे. कुंभकोणम् असो वा कोल्हापूर, हे जाणून या अभ्यासक्रमात प्रवेश घेणारे विद्यार्थी देशाच्या आरोग्यव्यवस्थेला हवे आहेत.