स्किझोफ्रेनिया : जनुकांचा वाटा आणि आपले कर्तव्य

सिलतरा औद्योगिक परिसरातील कुटुंबांसाठी

घरातील तरुण व्यक्तीस इतरांना न ऐकू येणारे आवाज येत असतील, निराधार संशय ग्रासत असेल, तर ती बाहेरची बाधा नव्हे. तो स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार असू शकतो.

मेंदूतील पेशी विद्युत संकेतांनी परस्परांशी जोडलेल्या असतात. त्यासाठी पेशींच्या आवरणात कॅल्शियम, सोडियम इत्यादींच्या आयनांची ये-जा नियंत्रित करणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांची रचना जनुके ठरवितात. ‘सीएसीएनए१सी’ या कॅल्शियम-दाराच्या जनुकाशी निगडित काही सामान्य बदलांमुळे आजाराची शक्यता किंचित वाढते. असे अनेक बदल आणि गांजासेवनासारखी बाह्य कारणे एकत्र आल्यास धोका वाढतो.

सर्वसाधारणपणे १०० पैकी सुमारे १ व्यक्तीस हा आजार होतो. आई किंवा वडिलांना तो असल्यास १०० पैकी सुमारे १० अपत्यांस होतो; उरलेल्या ९० जणांना होत नाही. म्हणून मातेस वा घराण्यास दोष देऊ नये. विवाह हा त्यावरील उपचार नव्हे.

निदान जनुक-चाचणीने नव्हे, तर लक्षणांवरून होते. रुग्णास विनाविलंब रायपूर येथील एम्सच्या मानसोपचार विभागात न्यावे किंवा टेली-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र केव्हाही सल्ला घ्यावा. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याविना औषधे थांबवू नयेत.